कलम बांधायला आठवड्यात शिकवता येतं. ते जगलं की नाही, हे शिकणाऱ्याने बघायचं कधी?

गादीवाफा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ते एकदाचं लिहून काढतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही काही जण मिळून वस्तीपातळीवर बागकामाचं प्रशिक्षण चालवतो. येणारे बहुतेक जण म्हणजे शाळा मध्येच सुटलेली पोरं-पोरी, मजुरीला जाणाऱ्या बाया आणि थोडी निवृत्त मंडळी. अभ्यासक्रम नेहमीचाच. गादीवाफे, बीजप्रक्रिया, पिशव्या भरणं, छाट कलम, गुटी, डोळा भरणं, पाचर कलम, छाटणी, पाणी-खत, कीड-रोग. सलग वर्ग होतात, शेवटी प्रमाणपत्रं, फोटो, टाळ्या. अहवालात सगळं छान दिसतं.

माझं दुखणं त्या 'सलग'मध्ये आहे. शिवणकामात टाका चुकला तर लगेच दिसतो, उसवून परत घालता येतो. झाड उत्तर द्यायला वेळ घेतं. पाचर कलमात खालच्या मुळांच्या रोपात, म्हणजे खुंटात, पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात. त्याला फूट यायला दोन-तीन आठवडे लागतात. बरं, ती फूट खरी असेलच असंही नाही. कलमकाडीत तिचा स्वतःचा अन्नसाठा असतो. त्या जोरावर डोळे फुटतात, कोवळी पानं निघतात, बघणारा खूश होतो. खाली खुंटाशी सांधा जुळलेलाच नसेल तर काही दिवसांत तीच फूट माना टाकते. छाटणी बरोबर झाली का, हे पुढच्या बहराला कळतं. पिशवीत मुळं गोल फिरली होती का, हे तर झाड जमिनीत लावल्यावर कधीतरी वाऱ्याने आडवं झालं की कळतं.

म्हणजे आमच्या वर्गात शिकणारा प्रत्येक माणूस आपल्या हाताने केलेल्या कामाचा निकाल न बघताच घरी जातो. हाताला चूक कळलीच नाही, तर हात सुधारेल कसा?

तेच तास हंगामभर पसरवायचे असा विचार आहे. कलमाच्या वेळी दोन दिवस, फूट बघायला एक दिवस, सांध्याभोवती बांधलेली पट्टी सोडायला एक, छाटणीच्या वेळी परत दोन. सोबतचे म्हणतात लोक गळतील. ज्यांनी हे केलंय किंवा शिकलंय, त्यांनी लिहा.

खुरपं

मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण सोबतचेही बरोबर आहेत. रोजंदारीवरचा माणूस सलग आठवडा कसाबसा जुळवतो, कारण मुकादमाला एकदाच सांगावं लागतं. दर पंधरा दिवसांनी "उद्या येत नाही" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावतच नाहीत. शिकणाऱ्यांची गळती चिकाटीच्या अभावी होते असं समजणारे लोक मला आवडत नाहीत. बहुतेक वेळा बुडणारा रोज गळती घडवतो.

तेव्हा पसरवा, पण पूर्ण दिवस मागू नका. निकाल बघण्याच्या भेटी दीड-दोन तासांत होतात. सकाळी कामावर जायच्या आधी घ्या. आणि निकालाची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. "पुन्हा कधीतरी भेटू"ला कोणी येत नसतं.

शंकासूर

मी जरा उलटा प्रश्न विचारतो. हंगाम की आठवडा, हे नंतरचं. हे सगळे जण शिकून करणार काय?

असल्या प्रशिक्षणांचा शेवट एका ठरलेल्या वाक्यावर होतो: "आता तुम्ही स्वतःची रोपवाटिका सुरू करू शकता." अख्ख्या वस्तीला रोपवाटिका काढायला शिकवलं, तर रोपं घेणार कोण? आणि ज्याच्याकडे गादीवाफ्याएवढीही जमीन नाही, त्याने पिशव्या ठेवायच्या कुठे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची ग्रामीण लोकांच्या आर्थिक सबलीकरणासाठीची एक प्रशिक्षणपद्धत आहे. 2002 पासून ती पाकिस्तान आणि फिलिपिन्समध्ये राबवली गेली. तिचा क्रम मला पटतो. आधी त्या भागात कोणत्या कामाला मागणी आहे ते स्थानिक लोकांच्याच मदतीने शोधायचं, मग त्या कामापुरतं शिकवायचं, आणि शिकवून झाल्यावर पतपुरवठा, गट बांधणं, बाजाराशी जोडणं यासाठी सोबत राहायचं. प्रशिक्षण हा मधला टप्पा. आपल्याकडे मधलाच टप्पा उचलून त्यालाच सगळा कार्यक्रम म्हणतात.

गादीवाफा

शंकासूर, नावाला जागलात. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे जे खरोखर कामाला लागले, त्यांतले रोपवाटिकावाले कमी. बाकीचे छाटणीच्या आणि कलमांच्या टोळ्यांत गेले, काही सोसायट्यांच्या आणि संस्थांच्या बागा सांभाळतात. म्हणजे ज्यांना जमीन नाही त्यांनाच हे कौशल्य जास्त उपयोगी पडलं, कारण सिकेटर (छाटणीची कात्री) आणि चाकू खिशात घेऊन कुठेही जाता येतं. अभ्यासक्रम मात्र अजून जमीनवाल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेला आहे, हे तुमचं वाचताना लक्षात आलं.

@खुरपं, सकाळच्या दोन तासांची कल्पना घेतली.

सिकेटर

मी पोटापाण्यासाठी छाटणी करतो, कलमंही बांधतो. नवीन पोरं हाताखाली येतात, त्यांना तुमच्यासारख्या वर्गांची प्रमाणपत्रं असतात. थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

पोराला पाचर कलमाच्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ असतात. चाकू हातात दिला की काप वेडावाकडा निघतो. पाचरीची बाजू सपाट हवी, एका ओढीत निघालेली. कुरतडून कुरतडून केली की मध्ये पोकळ राहते. काडीच्या सालीखालचा ओलसर थर, म्हणजे कॅम्बियम, खुंटाच्या त्याच थराला टेकला तरच सांधा धरतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मध्ये बसवायची नाही, एका कडेला सरकवून निदान एक बाजू तरी जुळवायची. हे पुस्तकातून येत नाही. छाटणीत निघालेल्या, फेकून द्यायच्या फांद्यांचा ढीग पुढ्यात ओतायचा आणि काप घेत बसायचं. जिवंत खुंटाला हात लावायच्या आधी माणसाने इतके काप घ्यावेत की कंटाळा यावा. तुमच्या वर्गात एकेकाच्या वाट्याला किती काप येतात, ते मोजा एकदा.

दुसरं, चाकू. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. म्हणूनच काप सपाट येतो. पण तो उजव्या हाताचा चाकू असतो! डावखुऱ्याच्या हातात दिलात तर पातं लाकडात घुसतं नाहीतर बाहेर सटकतं. मग सगळे म्हणतात याला जमत नाही. डावखुऱ्यांसाठी उलट्या धारेचा चाकू मिळतो. एक तरी आणून ठेवा.

आणि धार लावणं हा वेगळा अर्धा दिवसाचा धडा आहे. तो कुठल्याच वेळापत्रकात मला दिसलेला नाही.

हिरवी_चाफेकळी

डावखुऱ्या चाकूचं आज कळलं. मी डावखुरी आहे. आता काही जुने अपमान नव्याने समजले :)

जुनी_पानं

छान धागा. थोडी इतिहासाची भर घालतो, कारण असं सामूहिक शिक्षण गरजेतून कसं उभं राहतं याचा एक मोठा दाखला बागायतीतच आहे.

1860 च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा सुकायला लागल्या. 1868 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर एक बारीक किडा सापडला: फायलोक्सेरा. तो अमेरिकेतून आला होता आणि अमेरिकी रानद्राक्षांच्या मुळांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. बऱ्याच उलटसुलट उपायांनंतर मार्ग ठरला: मुळं अमेरिकी, वरची वेल आपली. आता बागाच्या बागा नव्याने कलम करून लावायच्या आणि तेवढी कलमं बांधणारे हात देशात नाहीत! मग 1880 च्या दशकात तिथे कलमशाळा निघाल्या. द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांना कलम शिकवायचं, परीक्षा घ्यायची, दाखला द्यायचा. शंकासूर यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आधीच तयार होतं, दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्यासमोर काम वाट बघत होतं.

दुसरा दाखला अमेरिकेतला. 1903 मध्ये तिथल्या कृषिखात्याचे सीमन नॅप यांनी टेक्सासमधल्या टेरेल गावी एका शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक उभं केलं. सरकारी प्रयोगशेतावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, तो म्हणतो "तुमचं काय, तुमच्याकडे पैसा आहे". नॅप यांचा आग्रह असा की शेतकऱ्याने स्वतःच्या रानात, स्वतःच्या हाताने करावं. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच वाटतो. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या लोकांनी आधीच निधी जमवला होता. शिकणाऱ्याची जोखीम समाजाने उचलली. 'समाजाधारित' याला म्हणायचं. नुसता वर्ग मंदिराशेजारच्या सभागृहात घेतला म्हणून तो समाजाधारित होत नाही.

आणि 1906 मध्ये अमेरिकेतल्याच टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतून कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या कल्पनेतली फिरती शाळा निघाली. घोडे जोडलेल्या गाडीत अवजारं आणि प्रात्यक्षिकाचं सामान भरून थेट कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारात. ज्यांना संस्थेपर्यंत येता येत नव्हतं, त्यांच्यासाठी संस्थाच गेली.

निवांत

वाचनखूण साठवली.

बांधावरची

जुनी_पानं यांच्या यादीत शेतीशाळा हवी. 1986 मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. तुडतुडे फवारणीने कमी व्हायच्या ऐवजी वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकीटक आधी मरत होते. मग 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस जणांचा गट, पूर्ण हंगाम, आठवड्यातून एकदा सकाळी शेतातच. गट शेतात उतरतो, किडी मोजतो, मोठ्या कागदावर रोपाचं आणि किडींचं चित्र काढतो आणि फवारायचं की नाही हे आपसात भांडून ठरवतो. शिक्षक उत्तर देत नाही. "हा किडा कोणता?" विचारलं तर तो विचारतो, "कुठे दिसला? काय खात होता?" पहिले दोन आठवडे लोक वैतागतात.

गादीवाफा, तुम्हाला हवं ते हेच आहे. फक्त भात एका हंगामात संपतो, झाड संपत नाही. फळझाडावर शेतीशाळा चालवायची तर वेगवेगळ्या वयाची झाडं एकाच वेळी दाखवावी लागतील: यंदा बांधलेलं कलम, गेल्या वर्षीचं, आणि दहा वर्षं चुकीची छाटणी सोसलेलं म्हातारं झाड. काळ ताणता येत नसेल तर एका बांधावर शेजारी शेजारी मांडून ठेवा.

गादीवाफा

बांधावरची, शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं! बिघडलेली झाडं मुद्दाम राखून ठेवायची, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तर पाहुणे येणार म्हटलं की ती आधी काढून टाकतो.

मोगरा

मी शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. अशाच एका वर्गात शिकले, आता एका संस्थेची बाग बघते.

आमच्या वर्गात बाया निम्म्याहून जास्त होत्या. प्रात्यक्षिकाला चाकू मोजके. ते फिरत फिरत कुणाच्या हातात जायचे? पोरांच्या. आम्ही काय करत होतो? पिशव्या भरत होतो, पाणी घालत होतो, काड्या गोळा करून देत होतो. कोणी मुद्दाम केलं असं नाही, आपोआप तसं झालं, आणि आपोआप झालेलं कोणाला खटकत नाही. शेवटी प्रमाणपत्र सगळ्यांना सारखं मिळालं. पण बाहेर पिशवी भरणारीला मिळणारी मजुरी आणि कलम बांधणाऱ्याला मिळणारी मजुरी सारखी नसते.

म्हणून माझं म्हणणं, हंगाम वगैरे करा, पण आधी माणशी एक चाकू द्या. आणि माणशी एक ओळ. माझी दहा रोपं, माझ्या नावाची चिठ्ठी. ती जगली तर माझी, मेली तरी माझी. गटाने बांधलेलं कलम मेलं की कोणाचंच मेलेलं नसतं. चिठ्ठीवर शिसपेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हापावसात उडते, शिसं राहतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना खूण ठरवू द्या.

फवारणीबद्दलही एक. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. तो पाठीवर घ्यायचा सराव आम्हाला कोणी दिला नाही, "तुम्हाला झेपणार नाही" असं आधीच ठरलेलं होतं. अर्धा भरून दोन फेऱ्या मारता येतात, ही साधी गोष्ट आहे. उलट, अंगभर कपडे, हातमोजे, वाऱ्याची दिशा, गरोदर बाईने फवाऱ्यापासून लांब राहणं, हे सगळ्यांनाच शिकवायला हवं होतं. ते दहा मिनिटांत उरकलं.

खुरपं

मोगराताई, हे शीर्षकातच टाकायला हवं होतं. "आपोआप झालेलं कोणाला खटकत नाही" याला +1.

सिकेटर

ताई म्हणतात ते खरं आहे, आमच्या टोळीतही तसंच चालतं. चाकू ज्याचा, काम त्याचं.

रोगनिदान

धाग्यात अजून कोणी मातृवृक्षाचं, म्हणजे ज्यावरून काड्या घेतात त्या झाडाचं, नाव काढलेलं नाही, म्हणून लिहितो. इतका वेळ चर्चा चालली आहे ती कलम जगण्याची. मला भीती जगलेल्या कलमाची वाटते.

शिकाऊ गट कलमकाड्या आणतो कुठून? जवळ जे झाड असेल तिथून. ते रोगट असेल आणि कलम उत्तम जगलं, तर रोगाच्या शंभर प्रती तयार झाल्या आणि पिशवीतून गावभर गेल्या. लिंबूवर्गीयांत ट्रिस्टेझा नावाचा विषाणू काडीतूनही जातो आणि माव्यातूनही. 1930 च्या दशकापासून पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनात आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडं त्याने घेतली. ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोगही कलमातून पसरतो. यांवर झाड बरं करणारं औषध नाही. आणि काडी बघून ती आजारी आहे हे बऱ्याचदा कळतही नाही. म्हणून लिंबूवर्गीय काड्या तपासलेल्या, प्रमाणित मातृवृक्षावरूनच घ्याव्यात, शिकाऊ गटाने तर नक्कीच. सरावासाठी हवं तर वर्गातच राहणारी रोपं करा, बाहेर देऊ नका.

हत्यारं स्वच्छ करणं हा अभ्यासक्रमातला शेवटचा परिच्छेद असतो, तो पहिल्या तासाला घ्या. डाळिंबाचा तेल्या हा रोग सिकेटरच्या पात्यावर बसून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. 70 टक्के अल्कोहोलने पुसणं सोपं पडतं. कपडे धुण्याचं ब्लीच स्वस्त पडतं, पण त्याने पातं गंजतं, म्हणून वापरल्यावर धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवावा लागतो. नवख्याला पहिल्या दिवशी लागलेली सवय राहते. नंतर सांगितलेली सवय "वेळ मिळाला तर" या खात्यात जाते.

अळवाचं_पान

रोगनिदान, आता विषय निघालाच आहे तर विचारते. मोठी फांदी कापल्यावर जखमेला रंग किंवा पेस्ट लावायची की नाही? आम्हाला एका शिक्षकांनी बोर्डो पेस्ट सांगितली, दुसरे म्हणाले काही लावू नका, झाड स्वतः भरून काढतं. दोघांचं ऐकून वर्ग गोंधळला.

रोगनिदान

दोघांचीही बाजू आहे. अमेरिकी वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतली कूज बघितली. त्यांचं म्हणणं असं की झाड जखम 'बरी' करत नाही, ती आतून भिंती घालून वेगळी पाडतं. तेलरंग, डांबर वगैरे फासल्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. इथवर मला त्यांचं पूर्ण पटतं.

बोर्डो पेस्ट मात्र लेप म्हणून लावत नाहीत, ती बुरशीनाशक आहे. मोरचूद एक, चुना एक, पाणी दहा. ओल्या हंगामात, डिंक्यासारखा रोग बागेत असताना, ताज्या कापावर ती लावण्यात अर्थ आहे. कोरड्या हवेत निरोगी झाडावर नीट घेतलेल्या कापाला ती नाही लावली तरी चालतं. पण खरा फरक पेस्टने पडत नाही, काप कुठे घेतला याने पडतो.

सिकेटर

अगदी! आणि इथेच प्रमाणपत्रवाली पोरं फसतात. फांदीच्या बुडाशी एक फुगीर कडं असतं. खोडाला घासून कापलं की ते कडं जातं, जखम दुप्पट मोठी होते. लांब ठुंठ ठेवलं तर ते कुजून कूज आत येते. कड्याच्या अगदी बाहेरून कापायचं. फांदी जड असेल तर तीन काप: आधी थोडं लांबून खालच्या बाजूने अर्धवट, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, म्हणजे वजन निघून जातं आणि साल फाटत खोडावर येत नाही. शेवटी उरलेलं ठुंठ कड्यापाशी. मी नव्या पोराला पहिल्या आठवड्यात करवत देत नाही. झाडाभोवती फिरायला लावतो आणि विचारतो, कुठे कापशील? खडूने खूण कर. खूण पुसता येते.

बोर्डोबद्दल मात्र मी रोगनिदान यांच्याइतका उदार नाही. मालक बघतोय म्हणून लावावी लागते, निम्म्या वेळा तेच कारण असतं.

शंकासूर

खडूची खूण ही या धाग्यातली सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगली सूचना आहे. (कौतुक केलं म्हणून कोणी घाबरू नका.)

आता पुढचा काटा. परीक्षा. प्रमाणपत्र कशावर देणार? "कलमाच्या पायऱ्या लिहा" यावर देणार असाल तर सिकेटर यांना अजून दहा वर्षं तेच अनुभव येतील.

गादीवाफा

यावर थोडा विचार केलाय. लेखी परीक्षा काढूनच टाकायची. चाळीस काड्यांची मिसळ जुडी द्यायची: कोवळ्या, जून, डोळे फुगलेल्या, डोळे आंधळे झालेल्या, सुकलेल्या, कीड लागलेल्या. "यातल्या बांधण्यालायक काढ" एवढंच सांगायचं. दुसरं, काही रोपं पुढ्यात ठेवायची, "पिशवी फाडून मुळं बघ आणि कोणतं रोप विकणार नाहीस ते सांग". मला वाटतं, चांगला रोपवाटिकावाला किती रोपं नाकारतो यावर ओळखावा.

शेवटचा भाग म्हणजे मोगराताई म्हणाल्या ती स्वतःची ओळ. त्यात किती जगली याला गुण आहेतच, पण जी मेली ती का मेली हे रोप उपटून, सांधा उघडून दाखवता आलं तर त्यालाही गुण. काप पोकळ होता? पट्टी सैल राहून पाणी शिरलं? काडी वाळली होती? काडी चांगली आणि खुंट कोरडा, असं झालं होतं?

जुनी_पानं

आणि ज्यांचा हात आधीपासूनच बसलेला आहे ते? प्रत्येक वस्तीत एखादी बाई, एखादे माळीकाका असे असतात ज्यांनी उभ्या जन्मात वर्ग बघितलेला नाही पण काडी हातात घेतली की वाया जात नाही. त्यांना पहिल्या बाकावर बसवून 'गादीवाफा म्हणजे काय' ऐकवू नका. परीक्षा थेट द्या, दाखला द्या, आणि त्यांनाच शिकवायला उभं करा. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय कौशल्य प्रशिक्षणाच्या व्यवस्थेत आता असते, ती वापरली जात नाही.

मोगरा

त्यांना शिकवायला उभं कराल तेव्हा मानधनही द्या. "काका, जरा पोरांना दाखवा ना" असं म्हणून फुकट दिवस घेऊ नका.

जुनी_पानं

बरोबर. लिहायचं राहिलं, पण मनात तेच होतं.

बांधावरची

एक अडचण सांगते. हातखंडा असलेली माणसं नेहमी चांगली शिकवतात असं नाही. त्यांचा हात इतका चटकन चालतो की काय केलं ते त्यांनाही सांगता येत नाही. अशा वेळी दोघांची जोडी बरी. काका करतील, दुसरा कोणीतरी मध्ये थांबवून विचारेल, "आत्ता अंगठा कुठे होता? काडी का फिरवली?" शेतीशाळेत शिक्षकाला हेच शिकवतात.

हिरवी_चाफेकळी

बाळबोध शंका. केळीचं किंवा नारळाचं कलम का करत नाहीत?

सिकेटर

चाफेकळीताई, जुळवायला लागतो तो सालीखालचा वाढता थर त्यांच्यात नसतोच. ही एकदल झाडं. केळीची कंदापासून किंवा ऊतिसंवर्धनातून रोपं करतात, नारळ फळापासून. आंबा, पेरू, चिकू, लिंबू, गुलाब यांच्यात तो थर असतो. वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि तो आला की मला बरं वाटतं, कोणीतरी विचार करतंय.

गादीवाफा

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा टाकतो, अजून धोपटा.

सुरुवात मागणी बघण्यापासून. पहिल्या बैठकीत वर्ग नाही. आसपासच्या बागा, रोपवाटिका, टोळ्यांचे मुकादम यांच्याकडे शिकणाऱ्यांनीच जाऊन विचारायचं, तुम्हाला कोणतं काम येणारा माणूस मिळत नाही? त्यावर कलम, छाटणी, बाग सांभाळणं यांपैकी काय जास्त शिकवायचं ते ठरेल. मग सलग तीन दिवस: स्वच्छता, धार लावणं आणि फेकायच्या फांद्यांवर काप. माणशी एक चाकू, त्यासाठी गटाची संख्या कमी करावी लागली तरी चालेल. नंतर कलमाचे दोन दिवस, तेही खुंटाला रस असताना. काड्या झाडावरच निवडून पानं छाटून ठेवायचं काम त्याआधी आठ-दहा दिवस, सकाळच्या बैठकीत, म्हणजे फक्त देठ राहतील, ते गळतील आणि डोळे फुगतील. पुढे फूट बघायला, फसवी फूट ओळखायला आणि पट्टी सोडायला सकाळच्या दोन-दोन तासांच्या भेटी, तारखा पहिल्याच दिवशी भिंतीवर. छाटणी तिच्या हंगामात. म्हाताऱ्या झाडाची एक ओळ कायमची.

आणि जोखमीचं. टेरेलच्या निधीवरून सुचलं. शिकाऊ टोळीने पहिल्या हंगामात कोणाच्या बागेत काम केलं आणि कलमं मेली, तर नवी रोपं आमचा गट देईल असं बागमालकाला लेखी द्यायचं. त्याशिवाय नवख्याला कोणी झाडाला हात लावू देणार नाही.

शंकासूर

शेवटचा परिच्छेद असेल तर बाकीच्यावर मी भांडत नाही. फक्त ते लेखी देताना 'मेली' म्हणजे कधीपर्यंत हे ठरवा. नाहीतर मालक उन्हाळ्यात पाणी तोडेल आणि रोपं तुमच्याकडे मागेल.

सिकेटर

पट्टी सोडेपर्यंत जबाबदारी टोळीची, पुढे पाणी मालकाचं. आमच्याकडे असंच चालतं. पट्टी वेळेवर सोडणं मात्र टोळीचंच काम. राहिली तर खोड वाढतं, पट्टी आत रुतते आणि जगलेलं कलम तिथेच मोडतं. सांधा नीट भरलाय का ते बघून दोन-अडीच महिन्यांनी सोडा. तारखांच्या यादीत ती भेट 'ऐच्छिक' लिहिलीत तर नेमके त्याच दिवशी निम्मे येणार नाहीत.

गादीवाफा

ऐच्छिक लिहीत नाही. दाखला त्याच दिवशी वाटतो.